मायक्रोस्कोपीच्या प्रात्यक्षिक कोर्समधून नेमकं काय शिकून यावं?

प्रश्न थोडक्यात असा: प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपीच्या पाच दिवसांच्या प्रात्यक्षिक कोर्सला नाव नोंदवलं आहे. कॉलेजात मायक्रोस्कोप हाताळला आहे, स्लाइड फोकस करता येते. आता जाण्याआधी काय तयारी करावी, तिथे कशावर भर द्यावा आणि परत आल्यावर काय करावं?

पाच दिवसांत एकच गोष्ट पक्की करून यायचं ठरवा. समोरचं चित्र बिघडलंय हे ओळखायचं, कशामुळे बिघडलंय ते शोधायचं आणि कुणाला हाक न मारता ते दुरुस्त करायचं. स्टेनिंगच्या कृती, पेशींची वर्णनं, भागांची नावं पुस्तकात मिळतात. हे मात्र हातानंच शिकावं लागतं, कारण मायक्रोस्कोप कितीही चुकीचा लावला तरी त्यात काहीतरी दिसतंच. तो बंद पडत नाही की सूचना देत नाही. कंडेन्सर (स्टेजखालचा, नमुन्यावर प्रकाश गोळा करणारा भाग) खाली राहिला असेल तर पेशींच्या कडा जाड आणि काळ्या दिसतात, स्टेनचा साधा कणही उठून दिसतो, आणि नवख्या डोळ्याला ते चित्र उलट जास्त ठसठशीत वाटतं. नमुन्यात नसलेली रचना अहवालात जाते ती अशी.

आयोजकांना आधीच काही गोष्टी विचारून घ्या. एका मायक्रोस्कोपवर किती जण बसणार? एक असेल तर उत्तम, दोन चालतील. चार असतील तर तुमच्या वाट्याला चौथा हिस्सा वेळ येईल, आणि तोही दुसऱ्यानं लावून ठेवलेल्या प्रकाशात. मायक्रोस्कोपच्या तळाशी फील्ड डायफ्रॅम (उजळलेला भाग लहान-मोठा करणारी झडप) आहे का, कंडेन्सर मध्यभागी आणायचे दोन स्क्रू आहेत का, हेही विचारा. हे नसलेल्या साध्या विद्यार्थी-मॉडेलवर कोहलर पद्धतीची प्रकाशयोजना (तिची कृती पुढे येईल) पूर्णपणे करता येत नाही, आणि कोर्सचा गाभा तोच आहे. स्वतःच्या स्लाइड आणायला परवानगी असेल तर तुमच्या कामात त्रास देणाऱ्या स्लाइड न्या. त्या फिक्स आणि स्टेन केलेल्या असाव्यात, शक्यतो कव्हरस्लिप लावून माउंट केलेल्या. ताजे, संसर्गाचा धोका असलेले नमुने नेऊ नका. संस्थेच्या ठेवणीतल्या स्लाइड नेहमीच सुंदर असतात. शिकायला मिळतं ते तुमच्या खराब स्लाइडवरून.

निघण्याआधी तुमच्या प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपसमोर अर्धा तास बसा आणि प्रत्येक ऑब्जेक्टिव्हवर (नमुन्याच्या बाजूच्या भिंगावर) जे कोरलंय ते वहीत जसंच्या तसं उतरवा. उदाहरणार्थ ‘४०/०.६५’ आणि त्याखाली ‘१६०/०.१७’. पहिला आकडा मॅग्निफिकेशनचा, दुसरा न्यूमेरिकल ॲपर्चरचा, ज्याला सगळे एनए म्हणतात. १६० म्हणजे मिलिमीटरमध्ये ट्यूबची लांबी. नव्या मायक्रोस्कोपवर तिथे अनंताचं चिन्ह असतं. या दोन प्रकारांची ऑब्जेक्टिव्ह एकमेकांच्या स्टँडवर लावायची नसतात, आटे जुळले तरीही. ०.१७ ही कव्हरस्लिपची अपेक्षित जाडी, मिलिमीटरमध्ये. तिथे ० किंवा आडवी रेघ असेल तर वेगळा अर्थ निघतो, तो पुढे येईल. रंगीत पट्ट्याही बघून ठेवा: ४× ला लाल, १०× ला पिवळी, ४०× ला फिकट निळी, १००× ला पांढरी. समोरच्या टोकाजवळ आणखी एक काळी पट्टी असेल तर ते तेलाचं ऑब्जेक्टिव्ह.

या आकड्यांमधला खरा महत्त्वाचा आकडा एनए. दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान किती अंतर हवं, हे ०.६१ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी भागिले एनए या सूत्रानं निघतं. हिरव्या प्रकाशासाठी तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरा. १०×/०.२५ ला हे अंतर १.३४ मायक्रॉन येतं, ४०×/०.६५ ला ०.५२ आणि १००×/१.२५ ला ०.२७. अशी मर्यादा असते हे एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडलं आणि साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला ते आजही लागू आहे. उपयोगी मॅग्निफिकेशन ढोबळमानानं एनएच्या ५०० ते १००० पट असतं. १.२५ एनएसाठी ते ६२५ ते १२५० येतं, म्हणून १००× ऑब्जेक्टिव्हला १०× आयपीस (डोळ्याकडचं भिंग) पुरतो. २०× आयपीस लावून २००० पट केलं तर तोच धूसरपणा मोठा होऊन दिसतो. ही आकडेमोड पहिल्या दिवसाआधी हातानं एकदा करून गेलात, तर तिथली अर्धी व्याख्यानं आपोआप समजतील.

तिथे पोचल्यावर पहिलं काम डोळ्यांचं. बहुतेक जण ते वगळतात आणि दुपारपर्यंत डोकं धरून बसतात. दोन्ही आयपीसमधलं अंतर तुमच्या डोळ्यांप्रमाणे असं करा की दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ दिसेल, आणि तो आकडा लिहून ठेवा. मग आयपीसवरची डायऑप्टर रिंग (एकेका डोळ्याचा फोकस जुळवणारी) शून्यावर आणा आणि ४०× वर स्लाइड बारीक फोकस करा. आता फोकसच्या चाकाला हात न लावता १०× किंवा ४× वर या आणि चित्र रिंगनं तीक्ष्ण करा, एका वेळी एका डोळ्यासाठी. परत ४०× वर जाऊन तपासा. रिंग एकाच आयपीसला असेल तर बिनरिंगच्या आयपीसमधून त्या डोळ्यानं चाकावर फोकस करायचा आणि दुसरा डोळा रिंगनं जुळवायचा. हे नीट झालं की ऑब्जेक्टिव्ह बदलताना फोकस जवळपास हलतच नाही. नुसता जवळचा किंवा लांबचा चष्मा असेल तर तो काढून बसता येतं, फोकस ती भरपाई करतो. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा ठेवा, आणि आयपीसवर चष्म्याचं छोटं चित्र आहे का बघा. ते चष्मेवाल्यांसाठी बनवलेले असतात. खुर्चीची उंचीही आत्ताच ठीक करा. मान पुढे काढून बसावं लागत असेल तर पाचव्या दिवसापर्यंत टिकणार नाही.

आता कोहलर. ऑगस्ट कोहलर यांनी ही पद्धत १८९३ मध्ये प्रसिद्ध केली. दिव्याच्या तारेचं चित्र नमुन्यावर पडू न देता संपूर्ण फील्ड, म्हणजे दिसणारं वर्तुळ, एकसारखं उजळायचं आणि कंडेन्सरनं ऑब्जेक्टिव्हला पुरेसा रुंद प्रकाशशंकू द्यायचा, हा तिचा हेतू. १०× वर रंगीत स्लाइड फोकस करा. फील्ड डायफ्रॅम पूर्ण बंद करा. अंधारात एक धूसर उजेडाचा ठिपका दिसेल, बहुधा मध्यभागी नसलेला. कंडेन्सर सावकाश वरखाली करून त्या ठिपक्याची बहुकोनी कड तीक्ष्ण करा. ही जागा जवळजवळ नेहमी कंडेन्सरच्या सर्वांत वरच्या टोकाच्या थोडी खाली असते. दोन स्क्रूंनी ठिपका मध्यभागी आणा. मग डायफ्रॅम उघडत कड फील्डच्या काठाला टेकवा, केंद्र पुन्हा तपासा, आणि कड दिसेनाशी होईल इतकाच आणखी उघडा. शेवटी एक आयपीस काढून नळीतून आत बघा. ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या भागात उजळ वर्तुळ दिसेल. कंडेन्सरचा ॲपर्चर डायफ्रॅम बंद करत त्या वर्तुळाचा सुमारे ७० ते ८० टक्के व्यास उजळ राहील असा ठेवा. आयपीस परत लावा.

हे पाच मिनिटांत सांगून होतं, हाताला बसायला दोन दिवस लागतात. म्हणून मार्गदर्शकाला विनंती करा की तुम्ही पाठ फिरवल्यावर त्यानं कंडेन्सर खाली पाडावा, स्क्रू फिरवावेत, कंडेन्सरची वरची भिंग बाजूला सरकवावी, कंडेन्सरचं फिरतं चक्र (टरेट) चुकीच्या खाचेत ठेवावं. मग तुम्ही शोधायचं. फील्ड डायफ्रॅमची कड दिसतच नसेल तर कारणं मोजकीच आहेत. कंडेन्सर फारच खाली आहे, किंवा केंद्रापासून इतका सरकलाय की ठिपका फील्डबाहेर गेला. वरची भिंग बाहेर राहिली असेल. फेज कॉन्ट्रास्टचा कंडेन्सर असेल तर टरेट ब्राइटफील्डऐवजी (साध्या उजेडाच्या खाचेऐवजी) फेजच्या रिंगवर असेल. कड दिसते पण कधीच तीक्ष्ण होत नाही, तेव्हा कंडेन्सरची वरची मर्यादा ठरवणारा स्टॉप-स्क्रू खाली बसवलेला असतो किंवा स्लाइड नेहमीच्या १ मिलिमीटरपेक्षा बरीच जाड असते. कडेला निळी-तांबडी झालर दिसली तर घाबरू नका. साध्या आबे कंडेन्सरमध्ये रंगदोष दुरुस्त केलेला नसतो. दोन रंगांच्या सीमेवर थांबा.

ऑब्जेक्टिव्ह बदललं की दोन्ही डायफ्रॅम पुन्हा लावायचे. ४० वर गेलात तर फील्ड डायफ्रॅम लहान, ॲपर्चर डायफ्रॅम मोठा. कंडेन्सरवर एनएचे आकडे असतील तर ०.६५ च्या ऑब्जेक्टिव्हसाठी साधारण ०.५ वर ठेवलं की काम झालं, दर वेळी आयपीस काढायची गरज नाही. ४× वर फील्डच्या कडा काळ्या राहिल्या तर वरची भिंग बाजूला करा.

एक सवय इथेच मोडा. उजेड जास्त झाला की लोक कंडेन्सर खाली घेतात किंवा ॲपर्चर डायफ्रॅम मिटतात. उजेड कमी करायचा तो दिव्याच्या नॉबनं किंवा राखाडी फिल्टरनं. ॲपर्चर डायफ्रॅम मिटला की प्रभावी एनए घसरतो. कॉन्ट्रास्ट वाढल्यासारखा वाटतो, पण बारीक रचना जातात आणि प्रत्येक कणाभोवती वलय येतं. रंग न दिलेल्या ओल्या नमुन्यासाठी, म्हणजे लघवीतला गाळ किंवा जिवंत जंतू बघताना, तो मुद्दाम थोडा मिटतात, आणि ते बरोबर आहे. लघवीतले पारदर्शक हायलाइन कास्ट पूर्ण उजेडात सहज निसटतात. स्टेन केलेल्या स्मिअरला (काचेवर पसरलेल्या पातळ थराला) मात्र प्रकाश रुंद हवा.

तेलाचं ऑब्जेक्टिव्ह हा कोर्सचा दुसरा मोठा भाग. इमर्शन ऑइलचा अपवर्तनांक साधारण १.५१५ असतो, काचेइतकाच, त्यामुळे काचेतून निघालेले तिरके किरण हवेत वाकून वाया जात नाहीत. थेंब एकच, लहान. १०× वर जागा शोधा, ऑब्जेक्टिव्हचं फिरतं चक्र १००× आत येण्याच्या जरा अलीकडे थांबवून थेंब टाका, बाजूनं बघत १००× आत आणा, मग फक्त फाइन फोकस. १००× आणि स्लाइड यांच्यातलं अंतर ०.१ ते ०.२ मिलिमीटर असतं, मोठ्या चाकाची चूक परवडत नाही. बुडबुडा अडकला तर चित्र दुधट दिसतं. आयपीस काढून आत पाहिलं तर तो गोल डाग म्हणून स्पष्ट दिसतो. ऑब्जेक्टिव्ह हलकेच इकडे-तिकडे फिरवलं की बहुधा सुटतो. नाही सुटला तर पुसून नवा थेंब.

तेल टाकल्यावर ४०× कडे परत जायचं नाही. कोरडं ४०× स्लाइडपासून अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर असतं, ते सरळ तेलात बुडतं. प्रयोगशाळांमध्ये ‘४०× धूसर झालंय’ ही तक्रार ऐकू येते तेव्हा पहिलं कारण समोरच्या भिंगावर वाळलेलं तेल असतं. आयपीस काढून उलटा धरा आणि भिंगासारखा वापरून ऑब्जेक्टिव्हचं टोक तपासा; तेलाचा पापुद्रा लगेच दिसतो.

कंडेन्सर आणि स्लाइडमध्येही तेल घालावं का, हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. कोरडा कंडेन्सर ०.९ च्या आसपास थांबतो. १.२५ च्या ऑब्जेक्टिव्हसोबत दोन्हींची सरासरी धरली तर प्रभावी एनए सुमारे १.०८ येतो आणि वेगळं दिसण्याचं अंतर ०.२७ वरून ०.३१ मायक्रॉनवर जातं. रोजच्या रक्ताच्या आणि जंतूंच्या स्मिअरला एवढा फरक सोसतो, साफसफाईचा ताप जास्त होतो. अगदी सीमेवरची रचना बघायची असेल आणि कंडेन्सर तेलासाठी बनवलेला असेल तरच घाला.

कव्हरस्लिपचा विषय पटकन संपवतात, तो अडवून विचारा. ०.१७ मिलिमीटर जाडीला जवळची म्हणजे १.५ क्रमांकाची कव्हरस्लिप, ०.१६ ते ०.१९ या टप्प्यातली. १०× ला जाडीनं काही बिघडत नाही. ४०×/०.६५ ला थोडं बिघडतं, ०.९५ एनएच्या कोरड्या ऑब्जेक्टिव्हला खूप, म्हणून त्यावर दुरुस्तीची कॉलर असते. कव्हरस्लिप बरोबर असली तरी माउंटिंगचा थर जाड झाला तर परिणाम तोच. उलट बाजूची अडचण रक्ताच्या उघड्या स्मिअरची. ०.१७ लिहिलेल्या ४०× नं ती बघितली की कितीही फोकस केलं तरी धुकं राहतं, आणि लोक स्टेनला दोष देतात. स्मिअरवर तेलाचा छोटा थेंब आणि त्यावर कव्हरस्लिप ठेवून बघा, फरक लगेच कळेल. ऑब्जेक्टिव्हवर ० लिहिलं असेल तर ते उघड्या स्मिअरसाठीच आहे, आणि आडवी रेघ असेल तर दोन्ही चालतं. १००× तेलाला हा प्रश्न येत नाही, कारण तेल, काच आणि कव्हरस्लिप यांचा अपवर्तनांक जवळपास एकच.

आणि स्लाइड उलटी ठेवली तर? १०× वर व्यवस्थित फोकस होतं, ४०× वर मात्र काही केल्या होत नाही. कारण आता मध्ये १ मिलिमीटर काच आली आणि ४०× ला तेवढी जागाच नाही. ऑब्जेक्टिव्ह बदलण्याआधी स्लाइड उचलून लेबल कुठल्या बाजूला आहे ते बघा.

फील्डमध्ये डाग दिसला तर तो कुठल्या काचेवर आहे हे शोधण्याची रीत ठरलेली आहे. स्लाइड सरकवा: डाग सोबत सरकला तर स्लाइडवर. आयपीस फिरवा: सोबत फिरला तर आयपीसवर. ऑब्जेक्टिव्ह बदला: नाहीसा झाला तर ऑब्जेक्टिव्हवर, पण ऑब्जेक्टिव्हवरची धूळ सहसा डाग म्हणून न दिसता एकूण धुकटपणा आणते. कंडेन्सर किंचित वरखाली केल्यावर डाग तीक्ष्ण किंवा पुसट झाला तर तो तळाच्या काचेवर किंवा कंडेन्सरवर. आधी फुंकणीनं धूळ उडवा, तोंडानं नको. मग लेन्स पेपरचा कोपरा. तेल आधी कोरड्या कागदानं टिपायचं, नंतर कागद किंचित ओला करून पुसायचं, मध्यापासून बाहेर गोल गोल. द्रावण म्हणून इथर ७ भाग आणि अल्कोहोल ३ भाग असं मिश्रण किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालतं. इथर ज्वलनशील आहे, जवळ बर्नर नको. झायलीनचा सढळ वापर टाळा, भिंगं चिकटवलेला लेप त्यानं सैल होऊ शकतो. टिश्यू पेपर आणि ॲप्रनचं टोक हे दोन्ही भिंगावर ओरखडे काढतात.

मोजमापाचा भाग स्वतः करा, शेजाऱ्याचे आकडे उतरवू नका. स्टेज मायक्रोमीटरवर (मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडवर) १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. आयपीसमधली पट्टी त्याच्यावर आणा, दोन्हीच्या रेघा कुठे तंतोतंत जुळतात ते बघा, शक्य तितकं लांबचं अंतर घ्या. समजा ४०× वर आयपीसचे ८० भाग स्टेजच्या २० भागांवर बसले. स्टेजचे २० भाग म्हणजे २०० मायक्रॉन, म्हणून आयपीसचा एक भाग २.५ मायक्रॉन. हे प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळं करावं लागतं आणि ते त्या मायक्रोस्कोपपुरतंच खरं असतं, दुसऱ्या स्टँडवर नेलं की पुन्हा. पडताळा म्हणून वाळलेल्या स्मिअरमधल्या तांबड्या पेशी मोजा; निरोगी रक्तात व्यास ७ ते ८ मायक्रॉन यायला हवा. ४ किंवा १२ आला तर गणित तपासा. फील्डचा व्यासही काढून ठेवा: आयपीसवरचा फील्ड नंबर भागिले ऑब्जेक्टिव्ह. १८ नंबरला ४०× वर ०.४५ मिलिमीटर, २० ला ०.५. ‘प्रति हाय पॉवर फील्ड’ असा अहवाल देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: या दोन आयपीसच्या क्षेत्रफळात जवळपास २३ टक्क्यांचा फरक पडतो.

न्यूबाउअर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या चौकोन कोरलेल्या जाड काचेवर) कव्हरग्लास नीट बसला की दोन्ही बाजूंना रंगीत वलयं दिसतात. ती दिसत नसतील तर खोली ०.१ मिलिमीटर राहिलेली नाही आणि पुढचा काउंट फोल आहे. द्रव खाचेत सांडला तर धुऊन पुन्हा भरा. पेशी बसायला दोन-तीन मिनिटं द्या. वरच्या आणि डाव्या रेघेवरच्या पेशी मोजा, खालच्या आणि उजव्या सोडा. पांढऱ्या पेशींसाठी २० पट पातळ करून चार कोपऱ्यांतले चौकोन मोजले तर एकूण संख्या गुणिले ५० म्हणजे प्रति मायक्रोलिटर. मोजणीत योगायोगाची चूक साधारण संख्येच्या वर्गमुळाइतकी असते: १०० पेशी मोजल्या तर १० टक्के, ४०० मोजल्या तर ५. दोघांचे काउंट थोडे वेगळे आले तर कुणी चुकलंय असं लगेच धरू नका.

स्टेनिंगबद्दल थोडक्यात, कारण कृती प्रत्येक ठिकाणी छापील मिळते. बिघडलेल्या स्लाइड मात्र मुद्दाम बनवून बघा. ग्रॅम स्टेनमध्ये एक स्लाइड डिकलराइझरखाली (रंग काढणाऱ्या द्रावणाखाली) गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवा. ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू गुलाबी होताना स्वतः पाहिले की त्या जास्तीच्या सेकंदांची भीती कायमची बसते. एकाच स्लाइडवर स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय यांचे कंट्रोल ठिपके ठेवायची पद्धत तिथेच उचला. रक्ताच्या स्मिअरसाठी पाणी शिरलेलं मिथेनॉल वापरून बघा: तांबड्या पेशींत चकचकीत छिद्रं दिसतात, फाइन फोकस हलवला की ती लुकलुकतात. परजीवी समजून चुकतात ते याच छिद्रांना. बफरचा पीएच ६.८ ऐवजी ७.२ केला की रंगछटा कशी बदलते तेही बघून घ्या, मलेरियासाठी ७.२ च हवा, आणि थिक स्मिअर (रक्ताचा जाड थर) मिथेनॉलनं फिक्स करायचा नाही.

वाचन शिस्तीनं करा. जागा आवडीनुसार निवडायची नाही. एका टोकापासून सुरू करून एकामागून एक फील्ड, नागमोडी वाटेनं, थिक स्मिअरमध्ये मलेरिया निगेटिव्ह म्हणण्यापूर्वी किमान १०० ऑइल फील्ड. फाइन फोकसवर बोट सतत हलतं हवं, कारण १००× वर फोकसची खोली मायक्रॉनपेक्षाही कमी असते आणि स्मिअर त्यापेक्षा जाड असतो. मार्गदर्शकानं आधीच वाचलेल्या दहा-बारा स्लाइड लेबल झाकून मागा आणि तुमचं उत्तर लिहून झाल्यावरच जुळवून बघा.

फेज कॉन्ट्रास्ट (रंग न देता पारदर्शक पेशी उठून दाखवणारी पद्धत) असेल तर एकच गोष्ट नीट शिका: कंडेन्सरमधली रिंग आणि ऑब्जेक्टिव्हवरचा फेज क्रमांक एकच असला पाहिजे, आणि सेंटरिंग टेलिस्कोपमधून बघत उजळ रिंग काळ्या रिंगवर तंतोतंत बसवायची. अर्धवट बसली तर चित्र एका बाजूनं सावली पडल्यासारखं दिसतं. फ्लुरोसन्समध्ये (जिथे नमुना स्वतः चमकतो) हिशेब प्रकाशाचा. नमुना उजेडात राहील तितका विझतो, म्हणून जागा कमी उजेडात किंवा फेजमध्ये शोधा आणि शटर फक्त बघताना उघडा. पाऱ्याचा दिवा असेल तर एकदा लावल्यावर अर्धा तास बंद करायचा नाही, आणि बंद केल्यावर थंड होईपर्यंत लावायचा नाही. साधं इमर्शन ऑइल स्वतःच चमकू शकतं, त्यासाठी वेगळं तेल असतं.

कॅमेऱ्याच्या तासाला बहुतेक जण सुंदर फोटोच्या मागे लागतात. त्याऐवजी पिक्सेलचं गणित करा. पिक्सेलचा आकार भागिले एकूण मॅग्निफिकेशन, आणि हे उत्तर वेगळं दिसण्याच्या अंतराच्या निम्म्याहून कमी हवं. ३.४५ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ०.५× ॲडॅप्टर धरा. ४०×/०.६५ ला पिक्सेल ०.१७ मायक्रॉन पडतो, मर्यादा ०.२६; ठीक. १०×/०.२५ ला ०.६९ पडतो, मर्यादा ०.६७, इथे तपशील कॅमेराच गमावतो. कमी मॅग्निफिकेशनला कॅमेरा कमी पडतो हे ऐकून बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही, म्हणून आकडे मांडूनच बघा. व्हाइट बॅलन्स स्लाइडच्या रिकाम्या भागावर घ्या, एक्स्पोजर हाती ठेवा, स्केल बार त्या ऑब्जेक्टिव्हच्या कॅलिब्रेशनवरूनच टाका, आणि मूळ फाइल टिफमध्ये जपा. जेपेग पाठवण्यापुरतं, त्यात बारीक तपशील दाबला जातो आणि परत मिळत नाही.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात, हात गरम असतानाच, तीन कामं उरका. तुमच्या मायक्रोस्कोपच्या प्रत्येक ऑब्जेक्टिव्हचं कॅलिब्रेशन करून तक्ता, तारखेसह, स्टँडवर चिकटवा. प्रकाशाची जुळवणी प्रत्येक सकाळी पहिल्या स्लाइडआधी करा. सरावानं दोन मिनिटांत होते, आणि आदल्या दिवशी कोणीतरी कंडेन्सर खाली घेतलेला असणार हे गृहीत धरा. हातमोजे घालून नमुना हाताळला असेल तर ते काढूनच आयपीसला आणि चाकाला हात लावा. तिसरं काम, एक चांगली, कायमची माउंट केलेली स्लाइड बाजूला काढा आणि तिच्यावर ‘तपासणी’ असं लिहा. दर महिन्याला त्याच जागी, त्याच ऑब्जेक्टिव्हनं, त्याच सेटिंगवर एक फोटो घेऊन फोल्डरमध्ये ठेवा. भिंगावर बुरशी धरू लागली, दिवा पिवळा पडला किंवा ऑब्जेक्टिव्हमध्ये तेल शिरलं, तर रोजच्या स्लाइडवर ते जाणवत नाही; सलग सहा फोटो शेजारी ठेवले की दिसतं. दमट हवेत राहणाऱ्या मायक्रोस्कोपसाठी ही स्लाइड विशेष कामाची, कारण बुरशी कोटिंग खाऊ लागण्याआधीच पकडली तर साफ होते, नंतर ते भिंग बदलावं लागतं.